चौदा टनांची नाडी

आधीच सांगतो, त्या वस्तूचं खरं नाव सॉफ्ट शॅकल. आमच्या घरात तिला नाडी म्हणतात. पार्सल आलं तेव्हा अप्पांनी ती पाकिटातून काढली, दोन बोटांत धरून उजेडात बघितली आणि "पायजमा कुठाय?" एवढंच विचारलं, तेव्हापासून तेच नाव पडलं.

दिसते पण तशीच म्हणा. बोटाएवढी जाड निळी दोरी, एका टोकाला सुपारीपेक्षा मोठी गाठ, दुसऱ्या टोकाला फासा. फासा सैल करायचा, गाठ त्यातून काढायची, फासा ओढून घ्यायचा, झालं कडं तयार. ताण आला की फासा गाठीच्या मानेला आवळत जातो. रुतलेली गाडी ओढायचा पट्टा गाडीला अडकवायला आधी सगळे लोखंडी शॅकलच वापरायचे, इंग्रजी यू सारखं वाकवलेलं लोखंड आणि त्यात आडवी पिन, आता बरेच लोक ही दोरी वापरतात. माझ्या भाच्याला जीपचं वेड. त्यानेच माझ्या डोक्यात भरवलं की मामा, गाडी घेतलीत फोर बाय फोर आणि आत सामान काय, तर एक छत्री आणि शेवेचं पाकीट. म्हणून मी दोन मागवल्या. सौ.ला किंमत अर्धीच सांगितली.

अप्पा म्हणजे माझे वडील. मिलच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे पायावर पडली तर बोट तुटेल अशा वस्तूंवरच त्यांचा विश्वास. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात पुढच्या खोलीत झोपाळा आहे, त्यावर बसून ते सगळ्या गोष्टींचा निकाल देतात आणि झोपाळा मागून करकर करत अनुमोदन देतो. मी म्हणलं, अप्पा, हे डायनीमा आहे, हॉलंडच्या कंपनीने काढलंय, वजनाला वजन धरलं तर पोलादाहून कितीतरी पट मजबूत, वर पाण्यावर तरंगतं. "बनतं कशाचं?" इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पॉलिथिलीन, म्हणालो. "म्हणजे दुधाची थैली," करकर. आता जात तीच आहे हे खरं, पण यात रेणूंच्या साखळ्या प्रचंड लांब असतात आणि धागा काढताना त्या सगळ्या एका दिशेला ओढून सरळ केलेल्या असतात, ताकद तिथून येते, हे मी सांगेपर्यंत अप्पा आत जाऊन आईला सांगून आले होते की तुझ्या लेकाने पैसे मोजून पन्नी आणलीये. इंदूरमध्ये! जिथे ओल्या कचऱ्यात पन्नी दिसली की कचरागाडीवाला आपल्याकडे असं बघतो की माणसाला माहेरी जावंसं वाटतं, पुरुष असला तरी.

मग आकड्यांवरून वाजलं. माझ्या पाकिटावर १४ टन. अप्पांनी माळ्यावरून मिलच्या काळातलं लोखंडी शॅकल काढलं, त्यावर ४.७५ टन कोरलेलं. मला वाटलं जिंकलो, तर घरच्याच माणसाने घात केला. भाचा म्हणाला, "मामा, तसं नसतं. लोखंडावर लिहितात ते बिनधास्त घालायचं वजन, तुटायचा आकडा त्याच्या किती तरी पट. तुमच्या पाकिटावर जो आहे तो तुटायचाच." म्हणजे माझा आकडा पॅकेजचा आणि अप्पांचा हातात येणाऱ्या पगाराचा. अप्पा काही बोलले नाहीत, नुसते झोका घेत राहिले, करकर करकर, ते जास्त लागलं.

तर श्रावणातला रविवार. जानापावला जायचं ठरलं, महूच्या पुढे, चंबळ तिथून निघते, परशुरामाचं जन्मस्थान मानतात. आई आणि सौ.ला दर्शन, भाच्याला चिखल, अप्पांना भुट्टे, मला डिक्कीतली ती पिशवी उघडायची कधी संधी मिळते याची ओढ. (देवाकडे काही मागायचं तर नीट शब्दांत मागावं.) दर्शन झालं, भुट्टे झाले, येताना भाच्याच्या नादाने कच्च्या रस्त्याला लागलो आणि समोरून आलेल्या एका लोडिंग गाडीला जागा द्यायला मी सज्जनपणे डावीकडे घेतली.

माळव्याची काळी माती ज्यांनी फक्त भूगोलाच्या पुस्तकात बघितलीये त्यांना सांगतो, ती ओली झाली की माती राहत नाही, नातेवाईक होते. चप्पल ठेवून घेते, पाय सोडत नाही. "डग डग रोटी, पग पग नीर" असं माळव्याचं कौतुक लहानपणापासून ऐकलंय, त्यातलं नीर माझ्या डाव्या चाकांखालीच होतं. मी ॲक्सिलेटर दाबला, जो अशा वेळी अजिबात दाबायचा नसतो, आणि गाडी ॲक्सलपर्यंत शांतपणे खाली बसली, म्हैस बसते तशी.

पाच मिनिटांत पंधरा माणसं. कुठून येतात देव जाणे, आजूबाजूला शेताशिवाय काही नव्हतं. "भिया, रिवर्स में दबाओ." "भिया, बंपर से बाँध दो." एकाने भाच्याच्या जीपमागचा ट्रेलरचा गोळा बघून पट्टा त्याला अडकवायचा सल्ला दिला, त्यावर भाचा पहिल्यांदा चिडला. तो गोळा ट्रेलर ओढायला असतो, असल्या झटक्याने तुटला तर तोफेचा गोळाच होतो, माणसं मेली आहेत त्याने. गर्दी आदराने दोन पावलं मागे सरकली आणि मोबाईल काढून उभी राहिली.

भाच्याने कामं वाटली. कोणाकडून तरी फावडं मागून चाकांपुढची माती काढली, ते मी. टायरमधली हवा १८ पर्यंत उतरवली, म्हणजे टायर पसरतं आणि पकड वाढते, पण अप्पांनी गाडीतून डोकं काढून "आता हवा पण काढली?" असं विचारलं की पंधराच्या पंधरा माणसं माझ्याकडे बघायला लागली. मग पिशवी उघडली. नाडी एकच! दोन होत्या, मी स्वतः ठेवल्या होत्या. सौ.कडे बघितलं, ती आईकडे बघायला लागली, आई डोंगराकडे. तेवढ्यात अप्पांनी सीटखालून नईदुनिया पेपरात गुंडाळलेलं लोखंडी शॅकल काढलं. "असू दे म्हणून आणलं होतं."

पण भाच्याने ते घेतलं नाही. पट्टा नायलॉनचा, तो रबरासारखा ताणून सोडतो त्यातच त्याची गंमत, पण तुटला आणि टोकाला लोखंड असलं तर ते बंदुकीच्या गोळीसारखं येतं, दोरी हलकी, तिच्यात तेवढा मार नाही. पट्ट्याचं दुसरं टोक जीपच्या आकड्यात थेट बसत होतं, म्हणून एकीवर भागलं. माझ्या गाडीला पुढे चॅसिसला बोल्ट केलेलं जाड कडं आहे. भाच्याने कड्यावरून बोट फिरवलं, कुठे धार नाही ना, कारण या दोरीला ताणाचं भय नाही, धारेचं आहे. आणि उष्णतेचं, दीडशे अंशांच्या आसपासच वितळते. मग म्हणाला, "मामा, लावा."

आता घरी सोफ्यावर बसून मी हे वीस वेळा केलं होतं. चिखलाने बरबटलेल्या हातांनी, पोटावर झोपून, पंधरा मोबाईलसमोर फासा उघडेना. उघडला तर गाठ जाईना, गाठ गेली तर पट्टा बाहेरच राहिलेला. मागून सौ.चा आवाज आला, "अहो, सेफ्टी पिन देऊ का?" आणि पर्समधून खरंच काढली. त्या गर्दीला मराठी येत नव्हतं पण नाडी ओवणारा माणूस सगळ्या भाषांत ओळखू येतो. "भिया नाड़ा डाल रिये हैं," कोणीतरी मागच्यांना समजावून सांगितलं.

पट्ट्यावर टाकायला काहीतरी जड हवं, म्हणजे तुटलाच तर उडणार नाही. भाच्याने न विचारता सौ.ची नवीन सोलापुरी चादर टाकली. त्या चादरीबद्दल मी इथे लिहिणार नाही, विषय अजून न्यायप्रविष्ट आहे.

सगळ्यांना लांब पिटाळलं. जीप हळू निघाली, पट्टा लांबत गेला, लांबत गेला, आणि माझी गाडी उठून रस्त्यावर आली. बस. खणखणाट नाही, कडाका नाही, ठिणगी तर नाहीच. एखाद्याने तुपातून लाडू उचलावा तसं. गर्दीचा पार हिरमोड झाला, एकाने तर तिथेच व्हिडिओ डिलिट केला. मी नाडी काढली, तेवढा ताण खाऊनसुद्धा फासा हाताने सुटला, ती पाण्याने धुऊन विजयी मुद्रेने अप्पांसमोर धरली, कारण रेती आत राहिली तर धागे आतून कापले जातात हेही त्यांना ऐकवायचं होतं. अप्पा म्हणाले, "माती वाळत आली होती. ढकलली असती तरी निघाली असती."

घरी पोचेपर्यंत रात्र. अंघोळ करून पुढच्या खोलीत आलो तर अप्पा झोपाळ्यावर, भाचा पोहे खातोय, पोह्यांवरचा जीरावण मसाला घरभर सांडलेला. काहीतरी वेगळं वाटत होतं, काय ते कळेना. मग लक्षात आलं. आवाज नाही.

वर बघितलं. छताचा आकडा आणि झोपाळ्याची उजवी दांडी यांच्यामध्ये निळी गाठ.

मी स्वयंपाकघरात गेलो. आई कणीक मळत होती, मान वर न करता म्हणाली, "कडी झिजली होती त्या बाजूची. सुतार आला होता खिडकीला, त्याच्याकडून लावून घेतली. पंधरा दिवस झाले. पक्की आहे ना रे, चौदा टन म्हणत होतास?" मी म्हणलं, पक्की आहे. "मग झालं. त्यांना सांगू नकोस, उतरतील."

सगळे झोपल्यावर टॉर्च लावून आकड्याला धार नाही ना ते बघून घेतलं. पण त्याआधी, पोहे घेऊन बाहेर आलो तेव्हा अप्पा भाच्याला समजावत होते, झोका घेत, अगदी आवाज न करता. "बघ, पन्नास वर्षांची कडी. करकरायची, मागच्या महिन्यात थोडं तेल सोडलं, तेव्हापासून एक शब्द नाही. लोखंड ते लोखंड."

भाच्याने वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि अजून थोडी शेव मागितली.