विकरांना चांगलं-वाईट कळत नाही

‘शरीरातल्या विकरांचं रहस्य’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्यातले दावे असे: माणूस जन्माला येतानाच विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, ठरावीक साठा घेऊन येतो आणि शिजवलेलं अन्न तो साठा संपवतं. ४८ अंशांच्या वर सगळी विकरं मरतात. कच्च्या अन्नातली ‘जिवंत’ विकरं पोटात गेली की पचन तीच करतात. पुढे ती रक्तात शिरून गाठी, चरबी, विषारी द्रव्यं असं वाईट तेवढं शोधून खातात, चांगल्याला हात लावत नाहीत. तेव्हा औषधं हळूहळू बंद करा. अकरावीतल्या माझ्या भाचीने हा मेसेज मला पाठवून विचारलं, “मावशी, मग पुस्तकात एका विकराचा एकच सबस्ट्रेट का दिलाय?” (सबस्ट्रेट म्हणजे विकर ज्याच्यावर काम करतं तो रेणू.) शिकत्या मुलांच्या डोक्यात कुणी असा गोंधळ घालावा याची मला चीड आली. औषधं बंद करायचा सल्ला तर सरळ धोकादायक आहे, म्हणून तो ज्याच्यावर उभा आहे, त्या ‘वाईट तेवढं शोधून खातात’ या दाव्यापासूनच सुरुवात करते.

विकराला ओळखता येतं तरी काय? विकर म्हणजे घड्या पडलेली प्रथिनाची साखळी. त्या घड्यांमधून एके ठिकाणी एक खळगा तयार होतो, तीच त्याची सक्रिय जागा. खळग्याचा आकार आणि तिथले विद्युतप्रभार ज्या रेणूशी जुळतील, तोच तिथे नीट बसतो. प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराच्या खळग्याच्या तळाशी ॲस्पार्टिक आम्लाचा ऋण प्रभार असतो. त्यामुळे धन प्रभाराची लायसिन किंवा आर्जिनिन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या कड्या, तिथे बसतात आणि साखळी त्यांच्या पुढे तुटते. कायमोट्रिप्सिनची घडण जवळजवळ तशीच, पण तळाशी तो प्रभार नाही; म्हणून ते फेनिलॲलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन यांच्यापाशी कापतं. विकराची सगळी पारख एवढीच. समोरची लायसिन जेवणातल्या प्रथिनातली आहे की आपल्याच स्वादुपिंडातली, हे ट्रिप्सिनला कळायची काही सोय नाही.

म्हणूनच स्वादुपिंड ट्रिप्सिन तयार स्वरूपात बनवतच नाही. ते ट्रिप्सिनोजेन नावाचं निष्क्रिय रूप बनवून लहान आतड्यात पाठवतं. तिथे एंटेरोपेप्टिडेज नावाचं दुसरं विकर त्याच्या टोकाचा एक छोटा तुकडा छाटतं, तेव्हा कुठे ट्रिप्सिन कामाला लागतं. हे एंटेरोपेप्टिडेजही किती चोखंदळ: सलग चार ॲस्पार्टिक आम्लं आणि लगेच लायसिन, अशी ओळ दिसली की तिच्या पुढे कापायचं. हीच विकरं काही कारणाने स्वादुपिंडातच जागी झाली तर ती स्वादुपिंडालाच पचवू लागतात. त्याला तीव्र स्वादुपिंडदाह म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. प्रथिनं कापणारी विकरं शरीरात मोकाट फिरू नयेत म्हणून रक्तात अल्फा-१ अँटिट्रिप्सिनसारखी रोधक प्रथिनं असतात. ती कमी पडली तर फुप्फुसांची नासाडी होते. ‘वाईट तेवढं खाणारं’ विकर असतं, तर शरीराने एवढा बंदोबस्त कशाला ठेवला असता?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. कर्करोगाच्या एका प्रकारात विकर हे खरोखरच औषध आहे. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ॲस्पॅराजिनेज हे विकर देतात. ते रोगट पेशीला स्पर्शही करत नाही. रक्तातलं ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल तोडतं आणि बाहेरून मिळणाऱ्या ॲस्पॅराजिनवर जगणाऱ्या त्या पेशींची उपासमार होते. ते इंजेक्शनने, इतर औषधांच्या जोडीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जातं. जेवणातून ते मिळत नाही.

आता भाचीचा प्रश्न. १८९४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी एकाच शर्करेची दोन संयुगं घेतली. दोन्हींतले अणू तेच, संख्या तीच. फरक फक्त एका कार्बनवरच्या गटाच्या दिशेचा, म्हणजे अल्फा आणि बीटा. यीस्टमधल्या विकराने अल्फा तोडलं, बीटाला हात लावला नाही. बदामातल्या इमल्सिन या विकराने बरोबर उलटं केलं. विकर म्हणजे कुलूप आणि सबस्ट्रेट म्हणजे किल्ली, ही कल्पना त्यांनी इथूनच मांडली. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचीच बनलेली असूनही आपलं अमायलेज हे विकर फक्त स्टार्च का तोडतं, त्याचं उत्तरही हेच: स्टार्चमधले बंध अल्फा, सेल्युलोजमधले बीटा. पुढे १९५८ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ कोशलंड यांनी असं मांडलं की हे कुलूप ताठर नसतं, सबस्ट्रेट येताना सक्रिय जागा थोडी वळते. आणि ‘एकच सबस्ट्रेट’ हे पुस्तकाने सोपं करून सांगितलंय, हेही खरं. हेक्सोकायनेज हे विकर ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज आणि मॅनोजही घेतं. पण तिन्ही सहा कार्बनच्या शर्कराच आहेत. चरबी दिली तर ते ढुंकूनही बघणार नाही.

बाकीचे दावे थोडक्यात उरकते. साठा वगैरे काही नसतो. पेशी आपल्या जनुकांवरून विकरं रोज नव्याने बनवतात, आणि अभिक्रिया घडवताना विकर खर्ची पडत नाही. कॅटालेज या विकराचा एक रेणू सेकंदाला हायड्रोजन पेरॉक्साइडचे लाखो रेणू तोडतो आणि पुढच्यासाठी पुन्हा मोकळा होतो. विकरं जिवंतही नसतात. १८९७ मध्ये बुख्नर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखवलं, तर १९२६ मध्ये समनर यांनी युरिएज या विकराचे चक्क स्फटिक मिळवले. उष्णतेने बहुतेक विकरांची घडी मोडते, इतपत मेसेज बरोबर आहे. पण ४८ हा सगळ्यांना लागू होणारा आकडा नव्हे. गरम झऱ्यांतल्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचं पॉलिमरेज, म्हणजे डीएनएच्या प्रती बनवणारं विकर, ७२ अंशांच्या आसपास उत्तम काम करतं. पीसीआर तपासणीत तेच वापरतात.

राहिली कच्च्या अन्नातली विकरं. वनस्पती ती स्वतःच्या गरजेसाठी बनवते, आपल्या पचनासाठी नाही. जठरातलं आम्ल त्यांतल्या बहुतेकांची घडी मोडतं आणि मग जठरातलंच पेप्सिन हे विकर त्यांना इतर प्रथिनांसारखंच कापून टाकतं. पपईतल्या पपेनसारखी काही विकरं प्रथिनं तोडतात हे खरं, पण तेवढ्याने आपलं पचन त्यांच्यावर चालत नाही. ज्यांचं स्वादुपिंड पुरेशी विकरं बनवत नाही, त्यांना डॉक्टर विकरांच्या कॅप्सूल देतात. त्यांतल्या बहुतेकींमधल्या औषधावर आम्लात न विरघळणारं आवरण असतं, कारण ते नसेल तर औषधाचा मोठा भाग आतड्यात पोहोचण्याआधीच जठरात निकामी होतो.