ओकची पेटी आणि आजीची वही

गेले तीन रविवार दुपारची भांडी आवरली की मी लॅपटॉप उघडून वेल्समधल्या बायकांच्या सह्या वाचत बसते. शंभर वर्षांपूर्वीच्या, शाईने केलेल्या. मुलगा विचारतो यात वाचण्यासारखं काय आहे, नुसती नावं आणि पत्ते, जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, परत जोन्स. पण एकेक अक्षर बघा ना, कुणाचं वळणदार तर कुणाचं थरथरतं, एखादीने निब इतकी दाबलीय की शाई फुटलीय.

तर झालं असं की पहिल्या महायुद्धात घरोघरची पोरं गेली होती, आणि १९२३ मध्ये वेल्सच्या बायकांनी ठरवलं की आपण अमेरिकेतल्या बायकांना साकडं घालायचं, तुमच्या देशाला राष्ट्रसंघात (लीग ऑफ नेशन्स, युद्धं टाळायला देशांनी मिळून काढलेली संघटना) यायला लावा म्हणजे पुन्हा युद्ध होणार नाही. मग गावोगाव दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, किती, तर ३,९०,२९६! कागद एकाला एक जोडले तर सात मैल भरतील असं सांगतात. आणि हे कधी, तर ब्रिटनमध्ये तिशीच्या आतल्या बाईला मतसुद्धा नव्हतं तेव्हा, ते मिळालं १९२८ मध्ये.

हे सगळं ओक लाकडाच्या मोठ्या पेटीत भरून फेब्रुवारी १९२४ मध्ये ॲनी ह्यूज-ग्रिफिथ्स आणि सोबतच्या बायका न्यूयॉर्कला गेल्या, तिथल्या बायकांच्या हाती पेटी दिली, व्हाइट हाऊसला जाऊन प्रेसिडेंट कूलिज यांनाही भेटल्या. ॲनीबाईंनी त्या दौऱ्याची डायरी लिहिली, ती आज वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररीत आहे. अमेरिका राष्ट्रसंघात काही गेली नाही. पेटी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये राहिली आणि खुद्द वेल्समध्येही ही गोष्ट लोक जवळजवळ विसरले. २०२३ मध्ये पेटी परत घरी आली, पानं स्कॅन झाली, आणि मग साध्यासुध्या लोकांनी घरी बसून ती नावं टाइप करून द्यायला घेतली.

मला ॲनीबाईंबद्दल आदर आहेच, डायरी जपली हे फार बरं झालं, पण माझ्या मते खरा ठेवा त्या सह्यांचाच. डायरी लिहिणाऱ्या बाईचं नाव कुठेतरी राहतंच हो, शिकलेली, मोठ्या घरातली, आधीचा नवरा खासदार होता. पण गिरणीतून नाहीतर गोठ्यातून हात पुसत दारात आलेल्या बाईने एक सही केली, तिचं जगात दुसरं काहीच लिहिलेलं राहिलं नसेल. ‘मागणी मान्य झाली नाही मग कागद कशाला ठेवायचे’ असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अहो, युद्ध नको असं चार लाखाच्या आसपास बायका तेव्हा म्हणाल्या होत्या, याचा पुरावा आहे तो!

माझा राग घरचा पण आहे. आजी गोरेगावला चाळीत राहायची, १९७२ च्या महागाईविरोधी लाटणं मोर्चांना ती जायची आणि चाळीतल्या बायकांच्या सह्या एका लांबट वहीत घ्यायची. ती गेल्यावर घर आवरताना वही रद्दीत गेली, मी तेव्हा कॉलेजात होते, समोर उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. ते आजही टोचतं.

मागच्या आठवड्यात तिचं जुनं कपाट पुसताना ड्रॉवरच्या तळाशी अंथरलेला कागद निघाला, त्याच वहीचं एक पान. अकरा सह्या आणि तीन अंगठे, प्रत्येक अंगठ्याखाली आजीच्या अक्षरात नाव. हळूच सोडवलं, स्कॅन केलं, दोन टिश्यू पेपरच्या मध्ये ठेवलंय. तिसऱ्या अंगठ्याखालच्या नावावर तेलाचा डाग पडलाय, शेवटचं ‘बाई’ तेवढं लागतं. फोटो कमेंटमध्ये टाकतेय, जुन्या गोरेगावकरांपैकी कुणाला वाचता आलं तर प्लीज सांगा.