थकणं म्हणजे विश्वास कमी पडणं नाही

हल्ली आपल्या ख्रिस्ती ग्रुपवरही तेच मेसेज फिरत असतात, पहाटे उठा, एक मिनिट वाया घालवू नका, देवाचा माणूस थकत नसतो वगैरे. मला हे वाचून मनापासून वाईट वाटतं, कारण आधीच दमलेला माणूस हे वाचून अजून खचतो आणि वर त्याला वाटतं की आपली प्रार्थनाच कमी पडतेय.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचं घ्या ना. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला माणूस, आणि पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, प्रभू आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला रागावला का? नाही. देवदूत आला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि उशाशी पाणी, ऊठ, खा. तो जेवला आणि परत झोपला, दूताने परत उठवून परत खायला लावलं. तू इथे काय करतोस हा प्रश्न देवाने विचारला तो नंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. (बायबलमध्ये १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय, जरूर वाचा, सावकाश वाचा.)

वेळेचंही तसंच. याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची १२ वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजतेय, गर्दीतून वाट काढत येशू तिच्याकडे निघालाय आणि मध्येच थांबतो, कोणासाठी तर १२ वर्षं रक्तस्रावाने आजारी असलेल्या, डॉक्टरांपायी होतं नव्हतं ते सगळं घालवलेल्या एका बाईसाठी. तिला सगळं बोलू देतो. बापाच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, आणि तेवढ्यात निरोप येतोच की मुलगी गेली! आपल्या टाइम मॅनेजमेंटमध्ये ती बाई म्हणजे निव्वळ डिस्टर्बन्स. पण येशूने तिला घाईघाईत वाटेला लावलं नाही आणि याईराच्या घरीही गेला, मुलीचा हात धरून तिला उठवलं.

आणि स्वातंत्र्य म्हणजे मला कोणी काही विचारायचं नाही, माझा वेळ माझा, हे तर आपण सगळेच धरून चालतो. पण बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, ५व्या अध्यायात, इस्राएल लोकांना शब्बाथाचं, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचं, कारण दिलंय की तुम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होता हे आठवा. गुलामाला सुट्टी नसते, म्हणून सुटका झालेल्या लोकांना विसाव्याचा दिवस, आणि तो फक्त मालकाला नाही, तर दासाला, दासीला, परक्याला, अगदी बैल आणि गाढवालासुद्धा! मग माझ्या आरामासाठी दुसरं कोणीतरी रात्रंदिवस राबत असेल तर त्याला मी तरी ख्रिस्तातलं स्वातंत्र्य म्हणणार नाही. प्रेषित पौलही गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हेच सांगतो, मोकळीक मिळालीय ती प्रेमाने एकमेकांची सेवा करायला.

म्हणून पाळकांना (पास्टरांना) आणि मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मोठ्यांना कळकळीची विनंती, कोणी येऊन म्हणालं की मी खूप थकलोय, तर लगेच बायबलची वचनं ऐकवू नका, आधी विचारा जेवलास का, झोप झाली का, आणि त्याची रविवारची एखादी जबाबदारी काही दिवस स्वतःकडे घ्या.