पॅकेटला मंगळ आहे

"सर, ते लिनक्स काढून टाका ना, मग आमची लाइन चालेल." शनिवारी संध्याकाळी इंटरनेट कंपनीचा मुलगा माझ्याच खुर्चीत बसून, माझाच चिवडा खात हे सांगून गेला. चिवडा संपवूनच गेला.

इंटरनेटच्या दोन लायनी का घेतल्या हे नाशिककराला सांगायला नको. सिंहस्थ २०२७ मध्ये, खड्डे आत्तापासून, आणि खणताना केबली तुटतात. जुन्या डेस्कटॉपमध्ये नेटच्या तारा जोडायची तीन लॅन कार्डं घालून, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवून राउटर केला. दोन्ही कंपन्यांच्या डब्यांचा (मोडेमचा) पत्ता १९२.१६८.१.१ निघाला. दोघांना एकच पत्ता चालत नाही, म्हणून दुसऱ्याचा बदलून १९२.१६८.२.१ केला. सोपं होतं ते एवढंच.

दुखणं असं की बाहेरून दुसऱ्या लायनीने घरच्या या राउटरवर यायला गेलं की सगळं ढिम्म. टीसीपीडंप हा तारेवरची ये-जा दाखवणारा प्रोग्राम लावला तर पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, आत येताना दिसतं, उत्तर मात्र कुठल्याच कार्डावरून निघत नाही.

तेवढ्यात शेजारचे काका आले. पाटबंधारे खात्यातून रिटायर. "तुझं नेट चालू आहे का रे?" म्हणत बसलेच.

"केवढ्याच्या लायनी?"

"शंभर आणि शंभर एमबीपीएस."

"म्हणजे दोनशे."

"नाही काका. एक डाउनलोड एकाच लायनीने जातं. अर्धी पॅकेटं इकडून, अर्धी तिकडून पाठवली तर समोरच्याला दोन वेगळे पत्ते दिसतात. बँकेची साइट तर असा पत्ता बदलला की बाहेरच काढते."

"मग दोन बिलं कशाला भरतोस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मी लॉग उघडला. लिनक्समध्ये आरपी फिल्टर नावाचा एक संशयी रखवालदार असतो. त्याचा आकडा १ असला की तो प्रत्येक पॅकेटला विचारतो, तुला परत पाठवायचं झालं तर मी याच दाराने पाठवलं असतं का? माझा मुख्य रस्ता पहिल्या लायनीचा, त्याचं मेट्रिक (पसंतीचा आकडा) १००, दुसरीचं २००. कमी मेट्रिकवाला जिंकतो. म्हणून दुसऱ्या दाराने आलेला प्रत्येक पाहुणा संशयित, आणि त्याला गुपचूप बाहेर. लॉगिंग चालू केलेलं असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याची नोंद 'मार्शियन' म्हणून करतो.

"म्हणजे?"

"मंगळावरचा."

काका सावरून बसले. "मंगळ आहे? शांत करून घे."

"त्र्यंबकला जाऊ का?" मी वैतागून म्हटलं.

"त्र्यंबकला कालसर्प. मंगळाला अमळनेर." आणि पुढची वीस मिनिटं अमळनेरला कुठल्या गाडीने जावं, मंगळवारी गर्दी किती असते, भाचीचं लग्न त्यानंतर कसं जमलं. त्या वीस मिनिटांत मी दुसऱ्या कार्डाचा आकडा तीनदा शून्य केला आणि तीनदा काहीच झालं नाही. कारण 'ऑल' या सगळ्या कार्डांच्या सामाईक सेटिंगमध्ये १ तसाच होता, आणि कार्ड व ऑल यांतला मोठा आकडा लागू होतो. कार्डावर शून्याऐवजी २, म्हणजे ढिली तपासणी, घातला तेव्हा कुठे पॅकेट आत आलं.

आणि उत्तर पहिल्या लायनीने निघून गेलं! रस्ता ठरवताना मुख्य टेबल, म्हणजे रस्त्यांची मुख्य यादी, फक्त कुठे जायचं ते बघतं, कुठून आलं ते नाही. समोरच्याला भलत्याच पत्त्यावरून उत्तर. तो ओळखच दाखवत नाही.

इलाज दोन वेगळ्या टेबलांचा. १०१ मध्ये पहिल्या डब्याचा डिफॉल्ट (बाहेर जायचा) रस्ता, १०२ मध्ये दुसऱ्याचा. दोन्हींत घरच्या लॅनचा रस्ताही लिहायचा, नाहीतर घरातलेच हरवतात. मग नियम: ज्या पॅकेटचा उगम १९२.१६८.१.१०, म्हणजे पहिल्या लायनीवरचा राउटरचा पत्ता, ते १०१ मध्ये बघेल, दुसऱ्या लायनीवरच्या १९२.१६८.२.१० वालं १०२ मध्ये. नियमाचा क्रमांक ३२७६६ पेक्षा कमी हवा, नाहीतर मुख्य टेबल आधी बोलतं. शिवाय हे सगळं नेटवर्कच्या फाइलीत लिहून ठेवायचं, रीबूटला पुसलं जातं.

"आलं त्याच वाटेने परत पाठवायचं," मी काकांना समजावलं.

"पाणी कधी परत जातं का रे?" म्हणाले आणि उठले.

रविवारी जेसीबीने पहिली केबल उपटली. राउटरला खबरच नाही! राउटर ते डबा ही तार शाबूत, दिवा हिरवा, म्हणून मेट्रिक १०० आपल्या जागी ठाण मांडून. आता दर दहा सेकंदांनी पहिल्या लायनीतूनच बाहेर पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, जातो. सलग तीनदा उत्तर आलं नाही की राउटर तिचा रस्ता काढून टाकतो.

पण त्या दिवशी दुसरीही बंदच होती. सोमवारी गच्चीवर जाऊन पाहिलं. दोन्ही केबली एकाच खांबावरून येतात. चिवडेवाल्याने दुसरी पहिलीलाच गुंडाळून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधली होती. तीन पट्ट्या, घट्ट.