‘एचआर कशाला, थेट नोटीस ठोका’ : या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सहकारी ऑफिसभर ‘ही खोटी बिलं लावते’ असं पसरवत असताना मी ऑफिसातल्या बदनामीवरच्या लेखात आधी एचआरकडे जायला सांगतो, म्हणजे लोकांना कोर्टाची भीती घालतो. वकिलाची नोटीस आणि ५० लाखांचा दावा लावला की तोंडं बंद होतात.

एक मुद्दा तुमचा बरोबर. दावा लावायच्या मुदतीचं मी लेखात एका ओळीत उरकलं होतं. अब्रूनुकसानीच्या भरपाईच्या दिवाणी दाव्याला १ वर्षच मिळतं आणि एचआरची चौकशी चालू आहे म्हणून ते थांबत नाही. आठ महिने ‘बघतो, बोलतो’ ऐकत बसलात तर हातात चारच उरतात. फौजदारी तक्रारीला मात्र ३ वर्षं आहेत, आणि या दोन मुदतींची गल्लत सर्रास होते.

आता नोटीस. खासगी व्यक्तीवर अब्रूनुकसानीचा दावा लावण्याआधी ती द्यायलाच हवी असं बंधन नाही. पण ती पोचली की समोरचा आधी मेसेज उडवतो आणि चहाच्या टेबलावर ऐकणारे ‘आमचं नाव नको’ म्हणू लागतात. म्हणून पुरावा आधी, नोटीस नंतर.

पुरावा म्हणजे नेमके शब्द. ‘ती माझी बदनामी करते’ या वाक्याचा कोर्टात काही उपयोग नाही. कोण, कोणत्या तारखेला, कुठे, कोणासमोर, कोणत्या भाषेत काय बोललं, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. शिवी असली तरी जशीच्या तशी. तुम्हाला एकट्याला गाठून बोलली असेल तर ती अब्रूनुकसानी होत नाही, तिसऱ्या माणसाने ऐकलेलं किंवा वाचलेलं हवं. स्क्रीनशॉट मैत्रिणीने पाठवलेला असेल तर मूळ मेसेज तिच्या फोनमध्ये आहे, तुमच्या नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र तो फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून लागतं, हॅश व्हॅल्यूसकट (मेसेजमध्ये फेरफार झालेला नाही हे तपासायचा डिजिटल ठसा). ती मैत्रीण तयार आहे का, हे वकिलाची फी भरण्याआधी विचारा. ग्रुपच्या अ‍ॅडमिनलाही ओढायचा मोह होतो. पण सदस्याच्या मेसेजसाठी अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे.

पोलीस ठाण्यात गेलात तर बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून देतील. तो एफआयआर नव्हे. भारतीय न्याय संहितेचं अब्रूनुकसानीचं कलम ३५६ अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत; शिवाय बाधित व्यक्तीने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तक्रार केल्याशिवाय कोर्ट दखल घेत नाही. शिक्षा २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. १ जुलै २०२४ पासून, दखल घेण्याआधीच आरोपीला म्हणणं मांडायची संधी मिळते. तुमची सहकारी बहुधा हेच म्हणेल: ‘मला शंका आली, मी साहेबांना सद्हेतूने कळवलं.’ अधिकार असलेल्या माणसाकडे सद्हेतूने केलेली तक्रार हा कलमातलाच अपवाद आहे. साहेबांना कळवणं त्यात बसू शकतं; तेच व्हॉट्सअ‍ॅपवर चाळीस जणांना सांगणं बसवणं फार कठीण. तुमची केस या फरकावर उभी राहते.

हाच अपवाद तुमच्याही कामाचा, आणि एचआर आधी म्हणण्यामागचं माझं खरं कारण हेच. ईमेलमध्ये शब्द, तारखा, ऐकणाऱ्यांची नावं, झालेला परिणाम (क्लेमचं काम काढून घेतलं, बढती अडली) लिहा आणि मागणीही: चौकशी, आणि ज्यांनी ऐकलं त्यांनाच लेखी खुलासा. हा ईमेल अख्ख्या विभागाला सीसी केलात तर मात्र तुम्हीही तिच्याच रांगेत बसलात. प्रत स्वतःकडे ठेवा. राजीनामा दिल्यावर ऑफिसचा मेलबॉक्स उघडत नाही.

कुजबुज बिलांची नसून ‘साहेबांबरोबर हिचं काहीतरी आहे’ अशी असेल आणि पीडित स्त्री असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीचा रस्ता वेगळा आहे. शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार. कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. दहाहून कमी माणसांच्या ऑफिसात जिल्ह्याची स्थानिक समिती. पुरुषांना या कायद्याखाली तक्रार करता येत नाही, त्यांना वरचाच मार्ग.

राहिले ५० लाख. महाराष्ट्रात भरपाईच्या दाव्याचं कोर्ट शुल्क मागितलेल्या रकमेनुसार लागतं, तेव्हा आकडा फुगवला की आधी तुमचाच खिसा रिकामा होतो. शिवाय दिवाणी दाव्यात आरोप खरा ठरला की बचाव पूर्ण, म्हणून तुमची बिलं एकेक करून उघडली जाणार. त्यात एखादी टॅक्सीची पावती चुकून दोनदा लागली असेल, तर ती वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

बदली घेतली तर दावा बुडतो का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. नाही बुडत, पण जाण्याआधी एचआरकडून तक्रारीची पोच तारखेसह घ्या. वर्ष मात्र ते शब्द उच्चारले किंवा पाठवले गेले त्या दिवसापासूनच मोजायचं.