हिडकलची क्रूझ गोकाकला पोचल्यावर काय करणार?

सध्या बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणी भागातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: येडूर-कुडचीला कृष्णेवर ब्रिटिशकाळी मोठं बंदर होतं, समुद्रातनं जहाजं थेट यायची. आता त्या जुन्या धक्क्याच्या जागी सरकार साबरमतीसारखी मरीना, म्हणजे बोटी लावायचा धक्का, बांधणार, घटप्रभेत हिडकल ते चिक्कसंगम (जिथं ती कृष्णेला मिळते) क्रूझ सोडणार, गाळ निघून पूर कायमचा बंद होणार आणि काठावरच्या जमिनीला दहापट भाव येणार. विरोध करतील ते महाराष्ट्राचे एजंट, हेही आहेच.

हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या धाकट्या काकांनी हा मजकूर मला तीनदा पाठवला आणि चौथ्यांदा फोन करून सांगितलं की ते नदीकाठच्या एका प्लॉटला इसार द्यायला निघालेत. "मरीना व्ह्यू आहे रे!"

आधी क्रूझचं बघू, कारण एवढी धडधडीत थाप मी बऱ्याच दिवसांत वाचली नव्हती. हिडकलचं धरण हुक्केरी तालुक्यात. तिथनं खाली निघालं की धुपदाळचा बंधारा लागतो. त्याच्याखाली काय लागतं? गोकाकचा धबधबा. घटप्रभा तिथं ५२ मीटर, म्हणजे सुमारे १७० फूट, सरळ खाली कोसळते. आपल्यापैकी कोण शाळेच्या सहलीला तिथं गेला नाही? मजकूर लिहिणाऱ्यानं तिथल्या झुलत्या पुलावरनं एकदा खाली वाकून बघितलं असतं तरी भागलं असतं. प्रवाशांना लाइफ जॅकेट देणार की पॅराशूट, तेवढं कळवा. जो माणूस आपल्याच जिल्ह्यातला सगळ्यात प्रसिद्ध धबधबा विसरतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर काका इसार देणार!

आता नाइलाजानं एक कबूल करतो. राष्ट्रीय जलमार्ग कायदा, २०१६ खराच आहे. त्यात देशभरातले १११ जलमार्ग आहेत आणि घटप्रभा, मलप्रभा ही नावंही आहेत. मजकुराला जो काही दम आहे तो एवढ्यावरच. पण तोच कायदा पुढं वाचा की. कृष्णेचा जलमार्ग त्यात गलगलीपर्यंत येतो. गलगली बागलकोट जिल्ह्यात, हिप्परगी बंधाऱ्याच्याही खाली. येडूर, मांजरी, कुडची, उगार, यातलं एकही गाव त्या पट्ट्यात नाही. शिवाय यादीत नाव आलं म्हणजे केंद्राला त्या पाण्यातल्या वाहतुकीचा अधिकार मिळाला, एवढाच अर्थ. टेंडर निघालं, पैसा आला, धक्का मंजूर झाला, असं त्यातनं काही निघत नाही.

आणि समुद्रातनं थेट येणारी जहाजं? कृष्णा मुंबईकडं जात नाही, पूर्वेला जाते, हे निदान लक्षात असू द्या. समुद्र म्हणजे बंगालचा उपसागर, तोही आंध्रात. आज तिथनं वर यायचं तर वाटेत नागार्जुनसागर, १४५ मीटर उंच श्रीशैलम, नारायणपूर, अलमट्टी अशा भिंती. तेव्हा धरणं नव्हती, असं कोणी म्हणेल. मग १९११ च्या ब्रिटानिका ज्ञानकोशात कृष्णेची नोंद उघडा. पात्र इतकं खडकाळ आणि धार इतकी वेगाची की लहान देशी होड्यांनाही वाहतूक जमत नाही, असं ब्रिटिशांनीच लिहून ठेवलंय. या काठावरनं त्या काठावर माणसं उतरवणारी नाव होती, ती वेगळी. तिला कोणी बंदर म्हणत नाही. बेळगावच्या छावणीचा माल उतरायचा वेंगुर्ल्याला आणि घाट चढून यायचा. आपलं बंदर ते.

पुराचं मात्र गमतीवारी घेता येत नाही. मजकुरात साबरमतीचा दाखला आहे. अहमदाबादेत नदी दोन्ही बाजूंनी भिंती घालून सुमारे २६३ मीटर रुंदीत बसवली, वासणा बंधाऱ्यानं पाणी अडवलं आणि ते पाणीही नर्मदेच्या कालव्यातनं आणलं. आपल्याकडं उलटी परिस्थिती. पाऊस कमी पडला की उन्हाळ्यात कृष्णेत पाणी सोडा म्हणून कर्नाटकाला महाराष्ट्राकडं कोयना-वारणेसाठी हात पसरावे लागतात. त्या दिवसांत मरीनातल्या बोटी वाळूवर टेकवणार काय? आणि पावसाळ्यात कोयना, वारणा, पंचगंगेचं पाणी घेऊन कृष्णा कर्नाटकात येते, येडूरजवळ तिला दूधगंगा मिळते. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी हे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी दरवर्षीचीच. २००५, २०१९, २०२१ काय झालं ते इंगळी-मांजरीच्या माणसाला विचारा. एवढ्या पाण्याला पसरायला शिवार लागतं. मरीनापुरता चार फर्लांगांत गाळ उपसून ते मावणार नाही, आणि काठावर भिंत घातली तर समोरच्या गावात शिरेल.

मजकुरातला 'भाव दहापट' म्हणजे नेमकं हेच शिवार.

एजंटवाल्या आरोपावर शाई घालवत नाही. पुराचं पाणी आधार कार्ड बघून आत येत नाही.

काका, इसार द्यायच्या आधी एवढंच करा. त्या सर्व्हे नंबरचा आरटीसी उतारा, म्हणजे आपल्याकडचा सातबारा, काढा, जमीन बिगरशेती झालेली आहे काय बघा. मग शेजारच्या शेतकऱ्याला गाठून विचारा, २०१९ ला इथं पाणी कुठवर होतं. तो हातानं उंची दाखवेल. ती बघून मला फोन करा.