नागपूरच्या मे महिन्यात ब्लेझर कोणासाठी?

मे-जून आला की ओळखीतल्या पोरींचे मेसेज सुरू होतात. विमानतळाजवळच्या मिहानमधल्या कंपनीतून इंटरव्ह्यूचा कॉल आलाय, बुटीबोरीच्या कारखान्यात अकाउंट्सला बोलावलंय, धरमपेठेत एका सीएकडे जायचंय. आणि मग ठरलेला प्रश्न : "ताई, ब्लेझर घ्यावाच लागते का?"

नाही लागत. मी टेबलाच्या पलीकडच्या, इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूला बसते, म्हणून सांगते. पारा पंचेचाळीसवर, पोरगी डोक्याला-तोंडाला स्कार्फ गुंडाळून अ‍ॅक्टिव्हावर वर्धा रोडने आलेली. आल्या आल्या पॉलिस्टरचा, आतून पॉलिस्टरचंच अस्तर असलेला ब्लेझर चढवते. तोही मैत्रिणीचा, खांद्यावर उतरलेला, बाह्या बोटांपर्यंत. पहिली दहा मिनिटं तिचं सगळं लक्ष मानेवरून ओघळणाऱ्या घामाकडे. आम्ही काय विचारून राहिलो, ते तिला ऐकूच येत नाही.

काळ्या कोटावर ज्यांचा सगळा रुबाब, त्या वकिलांना तरी बघा. बार कौन्सिलच्या नियमांनुसार उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडलं, तर काळा कोट सक्तीचा नाही. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या पोशाखाचं परिपत्रक काढलं, त्यात बायकांसाठी साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता, नाहीतर ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्ट असंच होतं. मंत्रालयात जे शोभतं, ते आमच्या दहा बाय बाराच्या केबिनमध्ये का शोभू नये?

काही ठिकाणी ब्लेझर खरंच लागतो, हे मान्य. मोठ्या हॉटेलचं फ्रंट ऑफिस, एमबीएचं कॅम्पस, जिथे कॉलेजच सक्ती करतं. तिथे बिनअस्तराचा, सुती किंवा लिननचा बघा आणि हातावर घेऊन जा. मिहानला जायचं असेल तर खापरीपर्यंत मेट्रोने, पुढे ऑटोने. ब्लेझर आत पोचल्यावर घालायचा.

बाकी सगळ्यांसाठी माझं मत पक्कं आहे : नीट बेतलेला सुती कुर्ता आणि सरळ पँट. गांधीबागेत कापड घ्या आणि शिवायला लवकर टाका, कारण लग्नसराईत टेलर ओळखसुद्धा दाखवत नाही. घालून आरशासमोर उभं राहून भागत नाही, खुर्चीवर बसून बघा. बसल्यावर कुर्त्याचा बाजूचा कट किती वर जातो, हात वर केला की काखेत ताणतो का. फिका निळा आणि राखाडी रंग टाळा, घामाचा डाग त्यावर सगळ्यात आधी उमटतो. पांढऱ्यावर किंवा गडद नेव्हीवर तेवढा कळत नाही. पांढऱ्याच्या आत पांढरी स्लिप घालू नका, उठून दिसते. अंगाच्या रंगाची घाला. आणि टेलरला शिवणीत खिसा ठेवायला सांगा. बायकांच्या कपड्यांना खिसा न ठेवणाऱ्यांवर मला वेगळी पोस्ट लिहायची आहे.

साडी? रोज नेसणारी असेल तर बिनधास्त. आमच्या विदर्भाची करवतकाठी टसर कोणत्याही सूटच्या तोंडात मारेल अशी. पण आयुष्यात दुसऱ्यांदा नेसत असाल तर त्या दिवशी नको, अर्धा जीव निऱ्यांतच अडकतो.

आता खरी चीड. हे सगळं पोरांना कोणी सांगत नाही. शर्ट, पँट, पट्टा, झालं. पोरीने पंजाबी ड्रेस घातला तर काकूबाई, शर्ट-पँट घातली तर जास्तच स्मार्ट. एकदा एका पॅनेलवर उमेदवार बाहेर गेल्याबरोबर शेजारचे सर म्हणाले, "बिनबाह्यांचं घालून आली, सिरियस नाही वाटत." मी विचारलं, जीएसटीच्या मिसमॅचवर, म्हणजे बिलं आणि रिटर्नचे आकडे जुळत नाहीत त्यावर, तिने काय सांगितलं, सर? त्यांना आठवेना. उत्तर बरोबर होतं, आणि त्या दिवशीच्या सगळ्यांत नेमकं होतं.

त्यामुळे पोरींना जेवढं सांगते, त्याहून जास्त मला आपल्या एचआरवाल्यांना सांगायचंय. कॉलच्या मेलमध्ये नुसतं 'फॉर्मल्स' लिहून मोकळं होऊ नका, कुर्ता चालेल आणि ब्लेझरची गरज नाही, असं स्पष्ट लिहा. मे महिन्यात दुपारी दोनचा स्लॉट कोणालाच देऊ नका, सकाळी नऊला बोलवा. आल्यावर गार पाणी द्या, वॉशरूम कुठे आहे ते दाखवा, आणि दहा मिनिटं कूलरसमोर बसू द्या. मग विचारा काय विचारायचं ते.